कडा न कापता

एरंडोलला, अंजनीच्या अलीकडे,
जिथे एकेकाळी कागदी लोक चिंध्या कुजवून कागद करायचे,
तिथे माझं बायंडिंगचं दुकान. आठ बाय दहा.
वैशाखात सकाळची खळ दुपारी आंबते.

तापीराम सर आले ते पोटाशी काहीतरी धरून,
फडक्यात. वाटलं पपई असेल.
निघालं इंग्रजी व्याकरण, पाठ गेलेलं,
कुठल्याशा मिशन शाळेतून रद्दीत,
रद्दीतून सरांकडे.

शिवून दे, म्हणाले, आणि स्टुलावर बसले.
इथे तास संपल्याची घंटा होत नाही.

चारशे वर्षं झाली, सर सांगू लागले,
इंग्रजांच्या पोरांनाही सांगायचे की
व्याकरण असतं ते लॅटिनला.
तुम्ही घरी बोलता ते नुसतं बोलणं.
मग कुणाला तरी राग आला.
आमचीलाही नियम आहेत, म्हणाला, आणि बसला लिहायला.
पण अंगरखा शिवायला माप घेतलं
ते लॅटिनचंच.
पुढे काहींनी तर अख्खं पुस्तक लॅटिनमध्ये लिहिलं,
इंग्रजी कशी असते हे सांगायला!

लॅटिनच्या विभक्त्या सहा,
म्हणून इंग्रजीलाही सहा खण.
राजा, राजाचा, राजाला, हे राजा...
तिकडे राजा जागचा हलत नाही रे,
पुढचा चोपदार तेवढा बदलतो.
तरी सहाही खण भरले.
खण रिकामा दिसला
तर भाषा गरीब ठरली असती.

सर हसले, खोकले, पाणी प्यायले.
मी टाके मोजत होतो. जुना दोरा कुजलेला,
सुईच्या टोकाने उचलला की भुगा.

मागच्या बाजूला कोरी पानं होती, वीस-बावीस.
कोरी नव्हती.
निळ्या शाईत सरांचं अक्षर, मुंग्यांसारखं,
आणि फूटपट्टीने आखलेले आठ खण.
वर लिहिलेलं: अहिराणी.

'ला'च्या घरात 'ले'.
'चा-ची-चे'च्या घरात 'ना-नी-नं'.
'त'च्या घरात 'मा', गावमा, घरमा, मनमा.
आठव्या खणात संबोधन मावलं नव्हतं:
व माय, ओ बा, काय रे भो,
रेघ ओलांडून थेट समासात गेलेलं,
बैलाला द्यायच्या हाकेसकट.

मी सरांकडे बघितलं. ते बाहेर बघत होते,
केळीचा ट्रॅक्टर अडकला होता बोळात.

तिसरीत मी फळ्याला फया म्हणालो होतो.
वर्ग हसला.
डाव्या हातावर दोन, उजव्यावर एक.
छडी सरांचीच होती.
घरी मायला सांगितलं तर ती म्हणाली,
मंग फया नही ते काय शे?

शेवटच्या पानावर 'ळ'.
त्यापुढे: हा वर्ण आमच्यात नाही. त्या जागी य.
उदाहरणं: डोया, केयी, शाया.
आणि अगदी कडेला, पानाच्या तोंडाशी,
जिथे माझं कटर बरोबर फिरतं,
पेन्सिलने:
फया. निंबा धुडकू, इयत्ता तिसरी.

पुस्तक शिवलं की तीन बाजू कापायच्या असतात.
गिऱ्हाइकाला कड गुळगुळीत लागते.
मी थप्पी दाबली, पातं वर घेतलं,
पुन्हा खाली ठेवलं.

सर, कड खरबडीत राहील, म्हणालो.
धूळ बसेल, पानं सारखी उलटणार नाहीत.

सर अजून ट्रॅक्टरकडेच बघत होते.
राहू दे, म्हणाले.
मग पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी
घरच्या भाषेत:
कापू नको, भो.

मी खळ ढवळली.
पुठ्ठा लावला, वर काळं कापड.
पैसे घेतले नाहीत, त्यांनीही फार आग्रह केला नाही.
रात्रभर दगडाखाली ठेवलंय.
सकाळी बघू, कितपत बसतं.